नऊ नंबरचा स्क्रू

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी पहिला फ्रिज आला तेव्हा त्यात अॅल्युमिनियमचे दोन बर्फाचे ट्रे होते. दुसऱ्याच दिवशी त्यातला एक नाहीसा झाला. बहिणीने सगळं घर पालथं घातलं. ट्रे निघाला भावोजींच्या टेबलावर. चौदा खणांच्या त्या ट्रेत त्यांनी बारीक ब्रशने लाल रंगात एक ते चौदा आकडे घातले होते आणि पहिल्या पाच खणांत कुठल्याशा कॅमेऱ्याचे स्क्रू ठेवले होते. बहीण काही बोलायच्या आत ते म्हणाले, "बर्फ काय, एका ट्रेतही होतो." त्या दिवसापासून त्या घरात पाहुण्याला सरबतात बर्फाचा एकच खडा मिळू लागला.

भावोजी कॅमेरे दुरुस्त करत. आधी बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाइकाला बाहेर उभं राहूनच बोलावं लागे. घरीही आतल्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली, त्यांचं एक टेबल पहिल्यापासून होतं; फिल्मचे दिवस संपले तसं दुकान बंद झालं आणि सगळं काम त्या टेबलावर आलं. त्या खिडकीतून ऊन कधी येत नाही, पण सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकसारखा पांढरा उजेड असतो. साऱ्या घरात असा उजेड तेवढ्याच जागी. बाकीच्या खोल्यांत दिवसाही ट्यूब लावावी लागते.

जुने कॅमेरे जपणारे हौशी लोक दूरदूरून त्यांच्याकडे येत, कारण त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता. आणि त्यांच्यासारखी जीभही नव्हती. लग्नाचे फोटो काढणारा एकजण एकदा पाण्यात पडलेला कॅमेरा घेऊन आला. भावोजींनी तो उघडला, आत डोकावले आणि म्हणाले, "दुरुस्त करतो. पण याला आता तुमच्याकडून घटस्फोट हवाय." तो माणूस हसला. भावोजी हसले नाहीत. कॅमेरा दुरुस्त झाल्यावर त्यांनी तो त्याच्या हातात न देता त्याच्याबरोबर आलेल्या मित्राच्या हातात दिला.

बहिणीला त्या टेबलावर चहाचा कप ठेवायची परवानगी नव्हती. ती दाराशी एका स्टुलावर कप ठेवी आणि स्टुलावर दोनदा टिचकी मारी. संसाराच्या सदतीस वर्षांत ती त्या टेबलाच्या पलीकडे गेली ती फक्त खिडकी पुसायला, तीही ते दुकानात किंवा बाहेर असताना. चार वर्षांपूर्वी ती गेली. आजारपणात तिने एकदा मला सांगितलं, "अरे, हल्ली मला स्वप्नातसुद्धा टिचकी मारल्याशिवाय आत जाता येत नाही." सांगताना तिला स्वतःलाच हसू आलं होतं.

त्यांना एकच मुलगी, माझी भाची. ही गोष्ट खरं म्हणजे त्या बापलेकीची आहे.

अकराव्या वर्षी ती आपण होऊन टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिला ते काम मनापासून आवडायचं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे सगळे ते विसरले, तीसुद्धा. भावोजींनी तिच्यासाठी एक कॅमेरा काढून ठेवला होता, लेन्सच्या पोटातच शटरची पाती असणारा, जाडजूड, चामड्याचं आवरण निघालेला. त्याला घरात शिकवणीचा कॅमेरा म्हणत. तिने तो उघडायचा, निघेल तो स्क्रू ओळीने ट्रेत टाकायचा, सगळं साफ करायचं आणि मग उलट्या क्रमाने बंद करायचा. मध्येच चालवून बघायचं नाही. "उघडा असताना चालवून बघणं म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं," ते म्हणत. पूर्ण बंद करायचा आणि मग एकदाच, शेवटी, चालवायचा.

ती पाणी प्यायला किंवा आईने हाक मारली म्हणून उठली, की भावोजी चिमट्याने नऊ आणि दहा या खणांतले स्क्रू अदलाबदल करून ठेवत.

हे दोन स्क्रू शटरच्या आतल्या छोट्या दातेरी चाकांचा संच धरून ठेवतात. एक सेकंद, अर्धा सेकंद अशा मंद वेगांवर ही चाकं फिरतात आणि पाती ठरल्या वेळेइतकी उघडी राहतात. दोन्ही स्क्रूंची डोकी सारखी, रंग सारखा. नऊ नंबरचा फक्त नखाच्या जाडीएवढा लांब. तो दहाच्या भोकात गेला की त्याचं टोक पलीकडे निघतं आणि चाकाच्या दातात रुततं. झटपट वेगांवर ही चाकं फिरतच नाहीत, त्यामुळे काही कळत नाही. एका सेकंदाला लावलं की पाती उघडतात आणि उघडीच राहतात.

दर वेळी तेच झालं. ती रडकुंडीला येऊन सांगायची, "बाबा, मी बरोबर ठेवले होते. खणात बघूनच घेतले."

"तेच तर चुकलं. ट्रेवर विश्वास ठेवतो तो कारकून. स्क्रू बोटांना कळला पाहिजे." कारकून म्हणताना ते माझ्याकडे बघत, कारण मी कचेरीत कारकून.

सात वेळा हे झालं. सातवी वेळ मला चांगली आठवते. ती सोळा वर्षांची होती, शाळेत पहिली आली होती आणि कौतुकाला आम्ही दहा-बाराजण जमलो होतो. भावोजींनी तिला सगळ्यांसमोर शिकवणीचा कॅमेरा बंद करून दाखवायला सांगितलं. सुटा कॅमेरा आणि ट्रे तयारच होते. तिने पाऊण तास मान वर केली नाही. सगळे तिच्या बोटांकडे बघत होते, एरवी कुणाचं कौतुक न करणारी तिची आत्यासुद्धा "हात बघा पोरीचा" म्हणाली. मग तिने कॅमेरा एका सेकंदाला लावला आणि बटण दाबलं. पाती उघडली ती तशीच राहिली.

"ही कॅमेरे दुरुस्त करणार!" भावोजी म्हणाले. "हिला फक्त बटण दाबता येतं. बटण आहे नुसती, बटण!"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हातात बशी होती, ती हसताना वाजली. बहीण तेवढी हसली नाही, पण ती तेव्हा दारात स्टुलापाशी होती, तिथून तिला सगळं दिसलं नसेल.

भाचीने परत कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही. नाव मात्र चिकटलं. आत्या, मावश्या, शेजारचे, सगळे तिला बटण म्हणू लागले, आणि पाचेक वर्षांत ते लाडाचं नाव होऊन बसलं. तिच्या नवऱ्याने ते लग्नात ऐकलं, त्याला ते फार गोड वाटलं. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने केकवर तेच लिहून आणलं. दात दुखतोय म्हणून तिने केक खाल्ला नाही.

दात हाच पुढे तिचा व्यवसाय झाला. दातांचे डॉक्टर जे साचे घेतात, त्यांवरून कवळ्या आणि सुटे दात करून देण्याचं काम ती शिकली. प्लॅस्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, बारीक पाती. बापाचा हात तिच्यात पुरेपूर उतरला होता. हे मी एकदा भावोजींना म्हणालो तर ते म्हणाले, "दात हलला तरी माणूस जेवतो. शटर हललं की फोटो गेला."

बहीण गेल्यावर भाची आणि जावई भावोजींकडे राहायला आले, कारण त्यांचं वय झालं होतं आणि ते घर सोडायला तयार नव्हते. जावई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, स्वभावाने सरळ, सगळ्यांशी गोडीने घेणारा. भाची दिवसाला सहा वेळा भावोजींच्या डोळ्यांत औषध घाली, त्यांचं पथ्याचं वेगळं रांधी, आणि तिचं स्वतःचं काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी, ट्यूबच्या उजेडात करी.

अडचण इथेच होती. दाताचा रंग ट्यूबखाली ठरवता येत नाही. शेजारच्या खऱ्या दातांना जुळणारी छटा दिवसाच्या पांढऱ्या उजेडातच कळते. एकाच महिन्यात तिची दोन कामं डॉक्टरांकडून परत आली. दात पिवळे निघाले होते. तिसरं परत आलं तर काम दुसरीकडे जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

एका रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे गेलो होतो. जावयाने हसत हसत विषय काढला. "बाबा, मी काय म्हणतो, तुमचं टेबल जरा पुढच्या खोलीत घेऊ. मी चांगला दिवा लावून देतो, हवा तसा वळणारा. खिडकी हिला द्या."

"का? हिला खिडकीतून काय बघायचंय?"

"काम करायचंय, बाबा," भाची म्हणाली. "तुमच्याकडे वर्षाला चार कॅमेरे येतात. माझ्याकडे आठवड्याला चार तोंडं."

"तोंडं येतात खरी. परतही येतात म्हणे."

तिने हातातलं फडकं घट्ट पिळलं. जावई मध्ये पडला, "तसं नाही बाबा, आम्हीही दुरुस्तीतलेच, कळतं आम्हाला."

"जावईबापू, तुमची लिफ्ट अडकली की आतली माणसं ओरडतात, तेव्हा तुम्हाला कळतं. कॅमेरा ओरडत नाही." मग ते उठले, कपाटातून काहीतरी काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. शिकवणीचा कॅमेरा. बहीण गेल्यापासून तो बंद होता. आतलं वंगण वाळून दगड झालं होतं, मंद वेगावर शटर अर्ध्यावर अडखळत होतं. "पुढच्या रविवारी हा मी याच टेबलावर एका सेकंदाला चालवून दाखवीन. चालला तर मी मरेपर्यंत टेबल माझं, पुन्हा हा विषय नाही. नाही चालला तर त्याच दिवशी टेबल तुझं. मामा साक्षीला."

"शब्द?" भाचीने विचारलं.

"मी शब्द फिरवत नाही. तुझी आई असती तर तिने सांगितलं असतं."

"आई असती तर टिचकी मारून सांगितलं असतं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर एका बाजूला भाजी चिरून ठेवली होती, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टरचा एक जबडा वाळत होता. मी म्हटलं, "ते करतील गं. त्यांचा हात कापतो कप धरताना, पण पेचकस धरला की थांबतो."

"हात थांबतो, मामा. बोटं कधीच थांबलीत." तिने आवाज खाली आणला. "साखरेच्या दुखण्याने बोटांची टोकं बधिर झालीत त्यांची. परवा गॅसवरचं वाफाळतं पातेलं चिमट्याशिवाय उचललं. फोड आला तेव्हा कळलं, तोही मी दाखवला म्हणून. स्क्रू बोटाला लागतच नाही त्यांच्या. वर्षभर ते डोळ्याने आणि ट्रेवरच काम करतायत."

"त्यांना सांगितलंस?"

"त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हे माहीत नाही." तिने जबड्यावर फुंकर मारली. "कारकून झालेत ते, मामा. तुमच्यासारखे."

तो आठवडा भावोजी एकदम तरुण झाले. सोमवारी त्यांनी कॅमेरा उघडला. एकापासून चौदापर्यंत स्क्रू ट्रेत गेले. मंगळवारी आणि बुधवारी चाकांचा संच लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला, ब्रशने एकेक दात घासला. गुरुवारी रबरी फुग्याने हवा मारून वाळवला. शुक्रवारी सुईच्या टोकावर तेल घेऊन चाकाच्या आसाला लावलं. मला रोज संध्याकाळी फोन येई, आज कुठवर आलं ते सांगायला. इतक्या वर्षांत त्यांनी मला आपण होऊन कधी फोन केला नव्हता. "वंगण कसलं, डांबर झालं होतं रे," ते सांगत. "आता चाक फुंकरीने फिरतं. ऐक," आणि फोन चाकाजवळ नेत. मला काही ऐकू येत नसे. मी "वा" म्हणे.

शनिवारी मला सुट्टी होती. मी सकाळी दहाला पोचलो आणि टेबलाशेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलो. भावोजींनी चौदा ते अकरा हे चार स्क्रू बसवले, चाकांचा संच जागी ठेवला आणि उठले. अंघोळीची वेळ झाली होती. कुठलंही काम कुठेही असो, सव्वादहाला ते अंघोळीला जात. जाताना म्हणाले, "हे दोन बसले की झालं. बाकीचं कुणीही लावील."

पाण्याचा आवाज सुरू झाला. भाची डोळ्यांच्या औषधाची बाटली ठेवायला आत आली. बाटली तिने स्टुलावर ठेवली. मग टेबलाशी आली, चिमटा उचलला, दहाच्या खणातला स्क्रू उचलून बाजूला ठेवला, नऊमधला दहात टाकला, बाजूचा नऊमध्ये. पाच सेकंदांचं काम. चिमटा जिथे होता तिथे, त्याच कोनात ठेवला. मग तिने वळून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मामा, चहा घेणार?"

"अर्धा," मी म्हणालो.

भावोजी आले, ओले केस पुसले, भिंग डोळ्याला लावलं. मी पेपर वर धरला आणि त्याच्या कडेवरून बघत राहिलो. त्यांनी दहाच्या खणातला स्क्रू चिमट्याने घेतला, मग बोटांच्या चिमटीत धरला आणि जुन्या सवयीने अंगठ्याखाली एकदा फिरवला. त्या वेळी ते क्षणभर थांबले. थांबले असं मला वाटतं. कदाचित श्वास घेण्यापुरतेच थांबले असतील. मी एक शब्द बोलायला हवा होता. मी पेपरचं पान उलटलं. त्यांनी स्क्रू भोकावर टेकवला आणि पेचकस फिरवायला सुरुवात केली.

भाचीने चहा आणला. स्टुलावर ठेवला आणि दोनदा टिचकी मारली. तिने असं आधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. भावोजी मान वर न करता म्हणाले, "अगदी तुझ्या आईसारखी." त्या घरात तिला त्यांनी दिलेली एवढी एकच शाबासकी माझ्या ऐकण्यात आहे.

रविवारी अकरा वाजता आम्ही चौघं टेबलाभोवती जमलो. भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कॅमेरा बंद, पुसून चकचकीत. त्यांनी त्यावर निघालेल्या जागी नवं चामडंही चिकटवलं होतं.

"जावईबापू, कान द्या. लिफ्टपेक्षा बारीक आवाज आहे."

त्यांनी आधी झटपट वेग लावला. टिक. पुढचा. टिक. सेकंदाचा साठावा भाग, तिसावा, पंधरावा. प्रत्येक वेळी पाती डोळा मिचकावल्यासारखी उघडून मिटली. जावयाने टाळ्या वाजवल्या. "मानलं बाबा! शहात्तराव्या वर्षी!" भावोजींनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी भाचीकडे पाहिलं, मग कडं फिरवून एका सेकंदाला आणलं, खटका ओढला आणि बटण दाबलं.

बारीकशी कर्र झाली आणि पाती उघडी राहिली. फिल्मचं मागचं झाकण उघडं होतं, लेन्समधून पलीकडची खिडकी दिसत होती.

जावईच आधी म्हणाला, "असू दे बाबा, काहीतरी बारीक राहिलं असेल. आणखी एक रविवार घ्या. काय गं?"

भाची वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. तिला हवं होतं ते अजून व्हायचं होतं. ते हातपाय गाळतील, चुकलं म्हणतील, किंवा निदान ओरडतील. भावोजी कॅमेरा कानाशी धरून बसले होते. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"बाबा, दहाच्या भोकात काय आहे बघा."

"नऊ आहे," भावोजी म्हणाले.

जावई एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. "म्हणजे? काय नऊ?"

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"आत्ता. आवाजावरून." त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. "बोटांना कळायला हवं होतं. कानांना कळलं."

"मी बदलले ते. काल. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा."

"दुसरं कोण बदलणार? याला तर स्क्रू कुठल्या बाजूने फिरतो तेही ठाऊक नाही," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आणि हा इथेच बसला होता ना? वा."

"अगं, हे काय केलंस?" जावई म्हणाला. "हे धरायचं नाही बाबा. ही फसवणूक झाली. टेबल तुमचंच."

"गप्प बसा हो. तुम्हाला यातलं कळत नाही." भावोजी उठून उभे राहिले. टेबलाची कड धरून, पण ताठ. "बदललेला स्क्रू ज्याच्या बोटांना कळत नाही त्याने टेबलाशी बसायचं नाही. हे मीच सांगत आलो. सात वेळा सांगितलं." मग ते तिच्याकडे वळले. "इतकी वर्षं शिकवलं तुला. एक गोष्ट शिकलीस, आणि तीही करण्याच्या लायकीची नव्हती."

"दुसरं काही शिकवलंच कुठे तुम्ही?"

"दुसरं जमलं असतं तुला, बटण?"

ती पांढरी पडली. जावई "अहो बाबा, आता लाडाने काय—" असं काहीतरी म्हणाला आणि बायकोचा चेहरा बघून मध्येच थांबला. माझी खात्री आहे, ते नाव लाडाचं नाही हे त्याला त्या क्षणी, अठरा वर्षांच्या संसारानंतर, कळलं.

भावोजींनी टेबल स्वतः रिकामं केलं. कुणाला हात लावू दिला नाही. पेचकस लहान-मोठ्या क्रमाने कापडात गुंडाळले, भिंग डबीत घातलं, पेट्रोलची बाटली मोरीत ओतून दिली. दोन तास लागले. ट्रे तेवढा टेबलावर राहू दिला. "हा फ्रिजचा आहे," ते म्हणाले.

याला आता पाच महिने झाले. भाचीचं काम परत येत नाही. डॉक्टरांनी आणखी एका डॉक्टरांना तिचं नाव सांगितलं. ट्रे तिने ठेवून घेतला. वरच्या कवळीत चौदा दात असतात आणि ट्रेला चौदा खण. ती त्यात आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे दात पुढून मागे ओळीने मांडते, छटा उजेडात बघते आणि मेणात बसवते. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होईन, मग रविवारचीच वाट बघायला नको, असं ती म्हणते. पण मला वाटतं, मी कमी यावं असं तिला वाटत असावं. त्या शनिवारबद्दल आम्ही दोघं बोललो नाही. जावई तिला आता नावाने हाक मारतो आणि दर वेळी जरा चाचरतो.

भावोजी माझ्या खुर्चीत बसतात, टेबलाच्या कडेला. मी स्टूल घेतो. शिकवणीचा कॅमेरा त्यांच्या मांडीवर असतो, पाती अजून उघडीच. दोन स्क्रू काढून उलट घातले की तो चालेल. ते करत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. भाची समोर काम करत असते आणि दर चार तासांनी उठून त्यांच्या डोळ्यांत औषध घालते. "मान मागे," एवढंच म्हणते.

परवाच्या रविवारी ती मधेच उठली. ओट्यावर दूध उतू जात होतं. भावोजी तिची पावलं आत गेलेली ऐकून पुढे झुकले. कापणाऱ्या हाताने त्यांनी टेबलावरचा चिमटा उचलला, आणि चिमटा हातात येताच हात थांबला. ट्रेतला चार नंबरचा दात उचलून त्यांनी पाचात ठेवला आणि पाचातला चारात. दोन्ही दाढांअलीकडचे, दिसायला जुळे. मग ते माझ्याकडे बघून हसले. मी पेपर वर धरला.

भाची हात पुसत आली, बसली. मेण दिव्यावर गरम केलं. चाराच्या खणातला दात न बघताच उचलला, अंगठा आणि बोट यांच्यात एकदा फिरवला आणि थांबली. मग तो पाचात ठेवला, पाचातला चारात. मान वर केली नाही, कुणाकडे पाहिलं नाही.

भावोजींचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं. ते तिच्या बोटांकडे बघत होते. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, जे त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नाही ते.

तिने ट्रे उचलला आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला, खिडकीच्या चौकटीला टेकून ठेवला. तिथवर त्यांचा हात पोचत नाही.